बाबांच्या शेजारची खुर्ची

प्लम फोर्क, इंडियाना
बुधवार, १४ एप्रिल १९९३

प्रिय रॉइस,

तू मजेत असशील, समुद्र शांत असेल आणि तुझा गुडघा फार कुरकुरत नसेल अशी आशा करते. इकडे आम्ही सगळे ठीक. वेंडेलची मक्याच्या पेरणीची घाई सुरू होईल आता. हवा बरी आहे.

झाली रीत पाळून. आता ऐक.

केंड्रा मिस बास्केटबॉल झाली!

पुन्हा लिहिते, कारण तोंडाने कुणाला सांगता येत नाहीये. माझी मुलगी, तुझी भाची, अख्ख्या राज्यातल्या शाळांमधली ह्या वर्षीची सगळ्यात चांगली खेळाडू ठरली. राज्यातून एकच निवडतात आणि ती आपल्या घरात, ह्या क्षणी, उभ्याने फ्रीजमधला कालचा ॲपल-पाय खातेय. सोमवारी संध्याकाळी इंडियानापोलिसच्या वर्तमानपत्रातून फोन आला. वेंडेलने उचलला आणि "आम्हाला काही नको" म्हणून ठेवून दिला. बियाणंवाले वाटले त्याला. त्या बाईने पुन्हा केला, ह्याने पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा मी धावत जाऊन उचलला म्हणून, नाहीतर माझ्या नवऱ्याने मुलीचा मान बियाणंवाल्यांच्या खात्यात जमा केला असता.

पण अट अशी की रविवारच्या अंकात छापून येईपर्यंत कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही. मुलगी आणि आईवडील, बस्स. आता माझ्या पोटात काही राहत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? दोन दिवस मी तोंडाला कुलूप लावून फिरतेय. चर्चमध्ये डोना प्रूइटने विचारलं, "नोरीन, तुला बरं नाही का?" मी नुसती मान हलवली, तर ती माझ्यासाठी सूप घेऊन आली.

आज सकाळी युक्ती सुचली. ओरेगॉनला पत्र पोचायला चार-पाच दिवस लागतात, म्हणजे तुझ्या हातात पडेल तेव्हा रविवार उलटलेला असणार. तुला सांगणं म्हणजे सांगणं नव्हेच! पंचवीस वर्षं तू इतका लांब जाऊन राहिलास, त्याचा आज पहिल्यांदा काहीतरी उपयोग झाला.

आणि गावाची काय दशा आहे म्हणून सांगू! मर्ल डॉब्स आठवतो ना, हार्डवेअरच्या दुकानाचा? तो आता ग्रामसमितीवर आहे. त्याच्या मेव्हण्याकडे रंगकामाची शिडी फेब्रुवारीत रिकामी होती, म्हणून ह्या शहाण्याने तेव्हाच पाण्याच्या टाकीवर लिहून घेतलं: 'प्लम फोर्क, मिस बास्केटबॉल केंड्रा राउशचं गाव'. फेब्रुवारीत! ह्या निवडीची मतं मार्चअखेर पडतात! त्यात आम्ही अंतिम फेरीच्या दिवशी सकाळचा उपांत्य सामना हरलो. शहरातली ती तीन हजार मुलांची शाळा आणि आमची सगळी मिळून एका मोठ्या चर्चमध्ये मावतील. केंड्राने एकटीने निम्मे गुण केले तरी हरलो. तेव्हापासून गावाचं धाबं दणाणलंय. मर्लने नजर लावली म्हणून त्याच्या दुकानात कुणी खिळा घ्यायला जात नाही. मग समितीने ठराव करून टाकीला ताडपत्री बांधली. एप्रिलच्या वाऱ्यात, आपल्या इथे, टाकीला ताडपत्री! दिवसभर तिचा असा फडफडाट चालतो की गाई दूध द्यायच्या थांबल्यात असं वेंडेल म्हणतो. मी खिडकीतून बघते आणि उशीत तोंड खुपसून हसते.

बाबांना आम्ही सांगितलं नाही, पण त्यांना कळलंय. सोमवारी फोन झाल्यावर केंड्रा मागे कोठाराच्या भिंतीवरच्या रिंगवर बॉल टाकायला गेली. हो, तीच, तुझी रिंग. बाबा नेहमीसारखे खुर्ची टाकून बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "पोरी, बॉल आज जास्त जोरात आपटतोय. फोन आला वाटतं."

"कुठला फोन, आजोबा?"

"बरं. नाही आला."

आणि मग जेवणापर्यंत शीळ घालत होते. तू त्यांना शेवटचं शीळ घालताना कधी ऐकलंस?

ते ठीक आहेत. सामन्यांना मीच त्यांना नेते-आणते. ट्रक विकला त्यांनी, पेट्रोल फार पितो म्हणाले. आणि आता वरच्या बाकावर बसत नाहीत, अगदी खाली, मैदानाच्या रेषेला खुर्ची लावून घेतात. वय झालं, पायऱ्या नको वाटतात.

जूनमधल्या तिसऱ्या शनिवारी इंडियानापोलिसला केंटकीविरुद्धचा सामना आहे. राज्यातल्या निवडक मुली, आणि त्यात मिस बास्केटबॉलला मिळणारी एक नंबरची जर्सी केंड्राच्या अंगावर. ती जर्सी म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको. ६८ साली मुलांच्या टीममधली ती कुणाच्या अंगावर जाणार होती हेही नको.

तू येशील का? हे मी नुसतं विचारतेय. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू 'हं' आणि 'बघू' ह्याखेरीज काही बोलत नाहीस.

तुझी, फुटायला आलेली,
नोरीन


मंगळवार, २० एप्रिल

प्रिय रॉइस,

पहिलं पत्र मिळालं असेल किंवा आज-उद्या मिळेल. मला थांबवत नाही, म्हणून हे दुसरं. तुझी आणि तुझ्या मांजरीची तब्येत चांगली असो.

शुक्रवारीच ताडपत्री उडाली! अशी वाऱ्याने उचलली, गरगर फिरवली आणि नेऊन आमच्या डुकरांच्या शेडवर टाकली. टाकीवरची अक्षरं पुन्हा उघडी. लोक रस्त्यात थांबून टोप्या काढून बघत होते, जणू कुणी गेलंय. मर्ल आमच्या दारात येऊन उभा, डोळ्यांत पाणी. "नोरीन, तुझ्या पोरीचं मी वाटोळं केलं." मी म्हटलं, "मर्ल, घरी जाऊन झोप." आतून केंड्राचा कसला तरी आवाज आला. तो तिला रडू फुटलं समजला आणि आणखीनच खचला. ती हसून जमिनीवर लोळत होती.

रविवारी उजाडायच्या आत अर्धं गाव पेट्रोल पंपावर. पेपरचा गठ्ठा तिथे पडतो ना. गठ्ठ्याची दोरी मर्लनेच तोडली. पहिल्या पानावर आमची केंड्रा, हातात बॉल, केसांत तो भयंकर जांभळ्या रिबनचा बो. मर्लने गुडघे टेकले. डोना माझ्याकडे वळून ओरडली, "तुला माहीत होतं! माझं सूप परत कर!"

दुपारी आगीचा बंब निघाला. तुला माहीत आहे, बंब फक्त टीम जिंकून आली की गावाच्या वेशीवर जातो. एका खेळाडूसाठी कधी गेला नाही. केंड्रा म्हणाली, मी एकटी चढणार नाही. मग बारा जणी चढल्या आणि वर व्यवस्थापक पोरगी, आणि ड्रायव्हरशेजारी बाबा. सायरनची दोरी त्यांच्या हातात. रॉइस, त्र्याहत्तर वर्षांचा माणूस आणि त्याने ती दोरी सोडलीच नाही. मेथडिस्ट चर्चच्या पाद्रीबाईंनी कानांत बोटं घातली तरी सोडली नाही. मी फुटपाथवर उभी राहून वेड्यासारखी उड्या मारत होते. चाळीस वर्षांची बाई. माझ्या वेळी मुलींना टीम नव्हती, मला हातात हलवायचे पोम्पॉम दिले होते आणि तुझ्यासाठी ओरडायला सांगितलं होतं. तेवढंच मला येतं, ते मी केलं.

इथपर्यंत सगळं गोड. आता पुढचं लिहायचं म्हणून दोनदा उठून चहा करून आले.

बाबांनी कुणाला सांगायचं नाही म्हणून बजावलंय. पण माझ्या पोटात काही राहत नाही, हे त्यांनाही ठाऊक असायला हवं होतं. बाबांना दिसत नाही, रॉइस. गेल्या वर्षापासून. डॉक्टर म्हणतात डोळ्याचा मधला भाग झिजलाय, त्याला उपाय नाही. समोर बघितलं की काळा डाग, कडेकडेचं तेवढं दिसतं, आणि तेही कमी होत चाललंय. म्हणून ट्रक विकला. म्हणून खाली रेषेजवळ खुर्ची. गावात कुणाला कळू दिलेलं नाही त्यांनी. उलट लोक म्हणायला लागलेत की शाळेच्या जुन्या कोचला गर्व चढला, बोलताना तोंड फिरवतो. फिरवतात ते खरंच. कारण एखाद्याला बघायचं असेल तर त्यांना दुसरीकडे बघावं लागतं.

ह्या सीझनचा एकही सामना त्यांनी पाहिला नाही. ऐकला. आणि मी शेजारी बसून सांगितला. आता माझं सांगणं म्हणजे काय असेल ते तू ओळखलंच असशील.

"बाबा, केंड्राकडे आला. बाबा, गेला!"

"कुणाकडे गेला?"

"त्या उंच मुलीकडे. गुलाबी रिबनवाली."

"रिबन गेली खड्ड्यात! ती उभी कुठे आहे? तिच्या अंगावर कोण आहे? केंड्राचा डावा पाय कुठे आहे?"

"आहे ना तिच्याच खाली, बाबा."

मी काय करू? मला कुणी शिकवलंच नाही. तुम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर मीठदाणी आणि काटेचमचे मांडून डाव रचायचात, मी बशा उचलायची. ह्याचा मला राग येतो कधीकधी, तो इथे लिहून टाकते आणि पुढे जाते.

तर त्या अंतिम फेरीच्या दिवशी, शेवटच्या मिनिटांत, सगळं सभागृह उभं. मी ओरडतेय, "बाबा, ती धावली, बाबा, ती थांबली!" त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "रॉइस असता तर नीट सांगितलं असतं."

तुझं नाव. त्यांच्या तोंडून. तू त्या रात्रीच्या बसने निघून गेलास, तेव्हापासून मी ते ऐकलं नव्हतं. मला एवढा धक्का बसला की केंड्राचा शेवटचा बॉल रिंगवर आपटून बाहेर आला तो मी सांगायचीच विसरले. पण तो त्यांना ऐकू आला होता.

मी काही वकिली करत नाही. नियम त्यांचा होता, कॉलरला केस लागले तर खेळायचं नाही, बाकावर बसायचं. केस तुझे होते. विभागीय फेरीच्या फायनलला स्वतःच्या मुलाला बाकावर बसवलं आणि एका गुणाने हरले, आणि गावाने तुम्हा दोघांनाही माफ केलं नाही. तेव्हा घरातसुद्धा आपण त्यांना कोच म्हणायचो. "कोच, बटाटे इकडे द्या." तू गेल्यावर मी केव्हा तरी बाबा म्हणायला लागले. तू त्यांना बाबा म्हटलेलं मला आठवत नाही.

आई गेली तेव्हा तू आलास, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलास, ती पोनीटेल कोटाच्या आत खोचून. बाबांनी तुझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. तेव्हा त्यांचे डोळे चांगले होते, ते मी नाकारत नाही. पण आता, जूनपर्यंत, निदान कडेचं तरी दिसेल असं डॉक्टर म्हणतात. पुढच्या वर्षीचं ते काही बोलत नाहीत.

ये रे. केंड्राला कुणी सांगायला लागत नाही काय करायचं ते. त्यांना सांगणारं कुणीतरी हवंय.

तुझी,
नोरीन


सोमवार, ३१ मे

प्रिय रॉइस,

तुझं कार्ड पोचलं. केंड्राला फार आवडलं, तिने ते शाळेच्या कपाटात आतून चिकटवलंय. फोटोत तुझ्या हातातला सामन मासा आमच्या कुत्र्याएवढा आहे असं वेंडेल म्हणतो.

दुसऱ्या बाजूला तू मला जे दोन ओळींत लिहिलंस, 'जूनमध्ये बोटींचं काम असतं, जमणार नाही. आणि तो तरी मला कुठे बोलावतोय?' त्याचा मला आधी संताप आला. मी ताटं आपटली. मग वाटलं, खरं आहे. बोलावलं मी. त्यांनी कुठे बोलावलं?

तर मी काय केलं ते वाच आणि काय शिव्या द्यायच्या त्या दे. मी ते कार्ड घेऊन कोठाराकडे गेले. केंड्रा फ्री थ्रो मारत होती, बाबा खुर्चीत, मान एका बाजूला वळवून तिला बघत होते. मी म्हटलं, "बाबा, रॉइसचं कार्ड आलंय. वाचू?"

"मी नको म्हटलं तर वाचायची थांबणार आहेस का?"

वाचलं. बॉलचा आवाज थांबला. केंड्राने मुद्दाम थांबवला. बाबा म्हणाले, "तुझ्या पोटात एक गोष्ट राहत नाही." मी म्हटलं, "नाही राहत." ते उठले आणि भिंतीला हात लावत लावत आत गेले. मला वाटलं, झालं, संपलं सगळं.

दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. शनिवारी इंडियानापोलिसहून खोकं आलं. एक नंबरची जर्सी! निळ्यावर पिवळा आकडा. केंड्राने ती घातली आणि स्वयंपाकघरात सशासारखी टणाटणा उडाली. मी किंचाळले, वेंडेल किंचाळला. मग ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली. समोर नाही, जरा बाजूला. ह्या पोरीला कुणी सांगावं लागत नाही.

बाबांनी हात पुढे केला आणि पाठीवरचा आकडा बोटाने वरपासून खालपर्यंत गिरवला. एकचा आकडा, त्याला किती वेळ लागतो? त्यांनी तो पुन्हा पुन्हा गिरवला. मग केंड्रा म्हणाली, "आजोबा, तुम्हाला मामाच्या पाठीवर बघायची होती ना ही?"

असं कुणी विचारलं नाही कधी ह्या घरात.

"होती," बाबा म्हणाले.

"मग मामाला सांगा की तसं."

"तुझ्या मामाने केस कापले नाहीत."

"आजोबा," केंड्रा म्हणाली, "मी जांभळा बो लावून खेळते. तुमच्या टीममध्ये मला बाकावर बसवलं असतंत?"

बाबा हसले. आधी नाकातून, मग मोठ्याने, मग ते डोळे पुसायला लागले आणि मला म्हणाले, "नोरीन, कागद आण. तू लिहायचं नाहीस. तू पाल्हाळ लावतेस."

म्हणून खालचं त्यांच्या हातचं आहे. ओळी एकमेकींवर चढल्यात. पेन त्यांनी कडेने बघत धरलं होतं आणि मला खोलीबाहेर काढलं होतं, पण मी दारातून बघत होते, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

तिकिटं आली आहेत. आमची सगळ्यांची वर, घोषणा देणाऱ्यांत. मी ओरडणार आहे, मला तेच येतं आणि ते मी चांगलं करते. खाली मैदानाच्या रेषेला दोन खुर्च्या. एकीवर बाबा. शेजारी बसलेला माणूस त्यांना समोरच्यापेक्षा जास्त दिसतो, एवढं लक्षात ठेव. आणि तू त्यांच्या समोर येऊन उभा राहिलास आणि त्यांनी तोंड फिरवलं, तर तिथून निघून जाऊ नकोस, रॉइस. ते तुला बघत असतील.

एक गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही. तुझ्या सामनबरोबरच्या फोटोत पोनीटेल नाही. खरं म्हणजे डोक्यावर काहीच नाही, ऊन चमकतंय नुसतं. वेंडेल आणि मी रात्रभर हसलो. ते तूच सांग त्यांना. माझ्या पोटात ही एवढी एक गोष्ट मी ठेवणार आहे, तुझ्यासाठी.

वाट बघणारी,
नोरीन


रॉइस,
पोरगी डावीकडून जाते, तुझ्यासारखी. नोरीनला ते दिसत नाही. मला कुणी सांगत नाही.
शेजारची खुर्ची रिकामी आहे. केस असतील तसे ये.
बाबा